जुन्या पेट्रोल टाकीखालची जमीन तपासताना

काही वर्षांपूर्वी एका बंद पंपाच्या जागेवर आम्ही सहा ठिकाणी माती तपासली. सहाही नमुने स्वच्छ निघाले. जागा घेणारे खूश, आम्हीही खूश. पुढच्या मे महिन्यात रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या बोअरला रॉकेलसारखा वास यायला लागला. मातीचा अहवाल खोटा नव्हता. पण त्या जागेवर दीड मीटरवर मुरूम होता, त्याखाली कातळ, आणि डिझेल मातीत थांबलंच नव्हतं. मुरूम लागल्यावर आमचा हात-ऑगर (हाताने फिरवायचं मातीचं गिरमिट) अडला आणि तिथेच आम्हीही थांबलो. चूक ती होती.

म्हणून हा लेख. जुन्या पंपाची जागा पुनर्विकासाला घेणारे, शेजारच्या सोसायटीचे पदाधिकारी आणि या कामात नव्याने पडलेली पोरं यांच्या उपयोगी पडावा असा. आणि टाक्या काही फक्त पंपांवरच नसतात. बसचे डेपो, भोसरी-पिंपरीकडचे कारखाने, जुनी गॅरेजेस, रॉकेलचे डेपो, जनरेटरसाठी डिझेल साठवणारी हॉटेलं आणि इस्पितळं, बॉयलरवाल्या लाँड्र्या, सगळीकडे जमिनीखाली लोखंडी टाक्या पुरलेल्या आहेत. कित्येकांवर आज पार्किंग आहे.

आधी कागद, मग काका

खोदाईच्या आधी किमान आठवडाभर कागदात घालवा. पेट्रोल साठवण्याचा परवाना स्फोटक विभागाकडून मिळतो. आज त्या यंत्रणेला पेसो म्हणतात, मुख्यालय नागपूरला. परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो आणि त्यात टाक्या, पाईपलाइन, व्हेंट पाईप, टँकर उभा राहायची जागा हे सगळं मापासकट दाखवलेलं असतं. जागामालकाकडे तो नकाशा नसेल तर तेल कंपनीकडे असतो. महापालिकेचा बांधकाम नकाशा, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला आणि मिळकत पत्रिका यांतून जागा कधी कुणाच्या हातात होती ते कळतं. गूगल अर्थवरची जुनी चित्रंही मागे मागे नेऊन पाहा. पंपाचं छत कोणत्या वर्षी गायब झालं आणि त्यानंतर तिथे खड्डा पडल्यासारखा दिसतो की नाही, हे तिथे कळतं. खड्डा कधीच दिसला नाही तर टाक्या बहुधा अजून खालीच आहेत.

नकाशावर पूर्ण विश्वास मात्र टाकू नका. परवाना तीन टाक्यांचा असतो आणि खाली चार सापडतात, कारण जुनी टाकी काढायचा खर्च नको म्हणून तिच्यात वाळू भरून शेजारी नवी पुरलेली असते. हे कुठल्याच कागदावर नसतं. हे सांगतात तिथे नोकरी केलेले लोक. पंपावर वीस-पंचवीस वर्षं काढलेला एखादा माणूस अजून जवळपास राहत असतो. त्याला गाठा, चहा पाजा, आणि “गळती झाली होती का” असं विचारू नका. तो “नाही” म्हणेल आणि विषय संपेल. “काका, डिप मारताना कुठल्या टाकीत पाणी लागायचं?” असं विचारा. डिप म्हणजे टाकीत मोजकाठी सोडून साठा पाहणं. पावसाळ्यात एखाद्या टाकीच्या तळाशी रोज पाणी सापडत असेल, तर बाहेरचं पाणी आत येत होतं. म्हणजे भूजल खाली गेल्यावर आतलं तेल बाहेर जात असणार. “कुठली मशीन सारखी हवा पकडायची?” हाही चांगला प्रश्न आहे. ओढून घेणाऱ्या जुन्या पंपाच्या पाईपला भोक असलं की त्यातून हवा आत खेचली जाते. आणि “टँकर खाली करताना कधी उतू गेलं का?” याला तर हमखास हसून उत्तर मिळतं. गळती टाकीच्या पोटातूनच होते असा लोकांचा समज असतो, पण माझ्या पाहण्यात पाईपचे सांधे आणि फिलिंग पॉइंटभोवतीची (टँकर टाकी भरतो तिथली) जागा जास्त वेळा खराब निघते.

डिपचं आणि साठ्याचं रजिस्टर मिळालं तर सोनं. मात्र बारीक गळती त्यात दिसत नाही. सेकंदाला एक थेंब धरा, थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. दिवसाला सव्वाचार लिटर होतात, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपावर दिवसाचे चार लिटर उष्णतेने होणाऱ्या फरकात विरून जातात.

पायाखाली काय आहे

पुणे दख्खनच्या लाव्हावर बसलंय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. एकावर एक थर साचलेले. काही थर घट्ट, काळ्या कातळाचे, त्यात पाणी फक्त सांध्यांतून आणि भेगांतून फिरतं. काही थर सच्छिद्र, बुडबुड्यांच्या भोकांचे, पांढऱ्या खनिजांनी भरलेले, ते लवकर कुजतात आणि त्यांचा मुरूम होतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा, विटेसारखा मातकट थर असतो. वर काळी माती किंवा भराव.

हे सगळं तेलाच्या दृष्टीने वाचायचं. काळी माती पावसाळ्यात फुगून बंद होते, उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात, आणि तेल त्या भेगांतून सरळ मुरुमावर जातं. म्हणून भेगेच्या बाजूला हातभर अंतरावर घेतलेला नमुना स्वच्छ निघू शकतो. मुरुमात तेल पसरतं आणि चिकटून बसतं. कातळात ते फटी धरतं, आणि फट जिकडे जाते तिकडे जातं, जमिनीचा उतार कुठलाही असो. तांबडा थर लागला तर त्यावर अडून आडवं सरकतं.

पेट्रोलची घनता ०.७२ ते ०.७७ च्या आसपास, डिझेलची ०.८२ ते ०.८४. दोन्ही पाण्यावर तरंगतात. त्यामुळे मोकळं तेल भूजलाच्या पातळीवर बसून राहतं. पुण्यात ती पातळी मे ते सप्टेंबर या काळात कित्येक मीटर वर येते आणि पुन्हा उतरते. तेल तिच्याबरोबर वरखाली होत त्या सगळ्या उंचीतला खडक माखून टाकतं. पावसाळ्यात तेच तेल पाण्याखाली अडकतं आणि बोअरमध्ये दिसेनासं होतं. ऑगस्टमध्ये तपासलं, तेल नाही, “जागा साफ” असा अहवाल दिला, आणि मेमध्ये त्याच बोअरमध्ये बोटभर जाड थर तरंगतोय, हे इथे नेहमी होतं. किमान दोनदा तपासा, मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, आणि तीही निरीक्षण विहिरींची पातळी मोजताना हे दोन महिने सोडत नाही. जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी तिथून मागवा. वरखाली किती होते ते आधीच कळलं तर बोअरची जाळी, म्हणजे पाणी आत येऊ देणारा नळीचा भोकांचा भाग, किती लांब ठेवायची ते ठरतं.

पेठांमध्ये आणखी एक भानगड आहे. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा नानासाहेब पेशव्यांच्या काळचा भूमिगत नळ, त्याचे उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली तोंडं), वाड्यांतले आड, बुजवलेल्या विहिरी. जुनी भुयारी बांधणी ही तेलाला आणि त्याच्या वाफेला आयती वाट. पेठेतल्या जागेवर काम असेल तर शंभर मीटरच्या परिसरात असं काही आहे का, हे नकाशावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीच गोष्ट ड्रेनेजच्या चराची. पाईपभोवती भरलेल्या खडीतूनही पाणी वाहत जातं.

टाकी अजून खाली असेल तर

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के या प्रमाणात असली की ठिणगीने भडकते, आणि “रिकाम्या” टाकीत नेमकं तेच प्रमाण सापडतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, खड्ड्यात साचते, वाहत वाहत शेजारच्या तळघरात जाते. टाकी वायुमुक्त करणं, तसं प्रमाणपत्र घेणं, ती उचलणं, कापणं हे त्या कामाच्या परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे. गॅस कटर घेऊन आलेला भंगारवाला दिसला तर त्याला फाटकावरूनच परत पाठवा. टाकीत कुणी उतरायचं नाही, “दोन मिनिटांत येतो साहेब” म्हणाला तरी नाही.

पावसाळ्यात टाकी उघडी पाडू नका. २० हजार लिटरची रिकामी टाकी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात २० टनांच्या जोराने वर उचलली जाते. टाकीचं स्वतःचं वजन त्यापुढे काहीच नाही. ती वर येताना पाईप तोडते आणि तळातला गाळ खड्ड्यात सांडते. त्या गाळाची आणि धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट घातक कचरा नियम, २०१६ प्रमाणे लावायची. पुण्यासाठी रांजणगावला सामायिक केंद्र आहे. पावत्या जपून ठेवा.

माती: कुठून आणि कशी

यंत्र लावण्याआधी प्रत्येक जागी हाताने सव्वा मीटरपर्यंत चाचणी खड्डा घ्या. पुण्याच्या रस्त्यांच्या कडेला वीज, पाणी, इंटरनेट आणि आता पाइप गॅस अशा सगळ्या लाइन एकमेकींवर टाकलेल्या असतात आणि नकाशा कुठल्याच खात्याकडे अचूक नसतो.

टाकी काढली असेल तर खड्ड्याच्या तळातून, टाकीच्या दोन्ही टोकांखाली अर्ध्या मीटरवरून नमुना. खड्ड्याच्या चारही भिंतींतून, जिथे रंग बदललाय तिथून. पाईपलाइनच्या चरात दर पाच-सहा मीटरवर, आणि सांधा असेल तिथे नक्की. प्रत्येक मशीनखाली, फिलिंग पॉइंटखाली. खोल खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही, भिंत कधी ढासळेल सांगता येत नाही. जेसीबीच्या बकेटमध्ये ढेकूळ वर आणा आणि त्या ढेकळाच्या मधल्या, बकेटला न लागलेल्या भागातून नमुना घ्या.

कुठला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा हे ठरवायला पीआयडी नावाचं वाफमापक यंत्र भाड्याने मिळतं. जाड प्लास्टिकची पिशवी अर्धी मातीने भरा, तोंड बंद करा, ढेकळं फोडा, दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवा आणि यंत्राची नळी आत खुपसून सगळ्यात मोठा आकडा लिहा. हा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याला पर्याय नाही, कुठे जास्त आणि कुठे कमी एवढंच तो सांगतो. डिझेलच्या बाबतीत तोही कमीच बोलतो, कारण डिझेल फारसं उडत नाही. आणि नाकाने माती हुंगायची सवय सोडा. बेंझिन माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे, आणि ज्येष्ठ लोक अजून ढेकूळ नाकाला लावून “डिझेल आहे हो” म्हणतात.

मुरूम लागला, आता खरं काम

कातळात शिरायला पुण्यात दोन मार्ग आहेत. एक, नेहमीची बोअरची गाडी. झटपट, स्वस्त, आणि या कामाला बऱ्याच अंशी निरुपयोगी. कॉम्प्रेसरची हवा वाफाळणारे घटक उडवून देते, हवेबरोबर कॉम्प्रेसरचं तेल खाली जातं, रॉडच्या आट्यांना ग्रीस फासलेलं असतं, आणि वर येतो तो नुसता चुरा. दुसरा मार्ग म्हणजे इमारतीच्या पायासाठी खडक तपासणारे लोक वापरतात तो, हिऱ्याच्या कड्याने गाभा, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल, काढणारा. एनएक्स मापाचा गाभा साधारण ५४ मिलिमीटरचा येतो. वेळ लागतो, पण खडक जसा आहे तसा हातात येतो. पहिला बोअर तरी असाच घ्या. ड्रिलिंगला जे पाणी वापराल त्याचाही एक नमुना पाठवा. टँकरचं पाणी कुठल्या बोअरचं असतं देव जाणे.

गाभा पेटीत लावला की फटी बघा. तांबूस, गंजकट फट म्हणजे तिथून पाणी आणि हवा फिरते. करडी-हिरवट, ओशट, वास मारणारी फट म्हणजे तिथून तेल गेलंय. अंधार करून अतिनील बॅटरी मारली तर डिझेल कधी कधी चमकतं. प्रत्येक फटीची खोली लिहा. हा कागद पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

आणि एक गोष्ट ठेकेदाराला बजावून, लिहून घेऊन सांगा. वरच्या खराब थरातून भोक पाडून ते उघडं ठेवून खाली जायचं नाही. पुण्यातल्या नेहमीच्या बोअरला केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घातलेली नळी) फक्त मुरूम संपेपर्यंत असतं, खाली नागडा कातळ. तसं इथे केलं तर वरचं तेल आणि खराब पाणी त्याच भोकातून खालच्या स्वच्छ फटींत उतरेल, आणि तपासणी करणाऱ्यानेच प्रदूषण केलं असं होईल. वरचा थर खराब असेल तर तिथे केसिंग बसवून, बाहेरून सिमेंट-बेंटोनाइटने (बेंटोनाइट म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती) बंद करून, ते घट्ट झाल्यावर आतून लहान व्यासाने खाली जायचं. ड्रिलर कुरकुर करेल. “साहेब, एवढं कुणीच करत नाही” हे वाक्य ऐकू येईल. ते खरंही आहे.

निरीक्षण बोअरला ५० मिलिमीटरची पीव्हीसी, आट्यांनी जोडलेली. सोल्युशन लावून चिकटवलेली नको, कारण त्या चिकटपदार्थातलेच द्रावक पाण्याच्या नमुन्यात सापडतात. जाळीचा भाग मेच्या पातळीच्या खाली आणि ऑक्टोबरच्या पातळीच्या वर असा दोन्हीकडे पसरलेला हवा. सगळी जाळी पाण्याखाली राहिली तर तरंगतं तेल आत येणारच नाही आणि बोअर कायम स्वच्छ दिसेल. जाळीभोवती धुतलेली वाळू, वर बेंटोनाइट, वर सिमेंट, आणि तोंडाला कुलूप. कुलूप नसेल तर पंधरा दिवसांत त्यात दगड पडलेले असतात, हा स्वानुभव.

पाणी कुठे चाललंय

एका ओळीतल्या दोन बोअरवरून दिशा कळत नाही, किमान तीन हवेत, त्रिकोणात. ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) प्रत्येक केसिंगच्या तोंडाची उंची मिलिमीटरपर्यंत घ्या, तिथून पाणी किती खाली आहे ते एकाच तासात तिन्हीकडे मोजा. समजा पाण्याची उंची अ मध्ये ५४८.९० मीटर, ब मध्ये ५४८.३०, क मध्ये ५४८.००, आणि अ ते क अंतर ३० मीटर. अ पासून क पर्यंत ०.९० मीटर उतार आहे, म्हणजे ५४८.३० ही उंची अ पासून २० मीटरवर येते. तो बिंदू आणि ब जोडा. ही समान पातळीची रेष. तिला काटकोनात, कमी उंचीकडे, पाणी वाहतं. तेल तरंगत असेल त्या बोअरमध्ये वरच्या तेलामुळे पाण्याची पातळी दबलेली असते. तेलाच्या थराची जाडी घनतेने गुणून ती पाण्याच्या उंचीत मिळवा.

तेलाची जाडी मोजायचं विजेचं साधन महाग आहे. ते नसेल तर पंपवाल्यांचाच उपाय: टाकीतलं पाणी शोधायची पेस्ट आणि तेल शोधायची पेस्ट, दोन्ही फितीवर लावून खाली सोडा. दोन रंगबदलांमधलं अंतर म्हणजे जाडी. पण बोअरमध्ये अर्धा मीटर तेल दिसलं म्हणजे खडकात अर्धा मीटर तेल आहे असं नाही. पोकळ नळीत ते साचतं.

आता ही त्रिकोणाची रेष कागदावर कितीही छान दिसो, पुण्यात ती अनेकदा उपयोगाची नसते. कातळात पाणी सांध्यांतून जातं, आणि त्याला ओढतात शेजारच्या सोसायट्यांचे बोअर. उन्हाळ्यात पालिकेचं पाणी कमी पडलं की हे बोअर सकाळ-संध्याकाळ चालतात आणि भूजलाची दिशा रोज दोनदा बदलते. म्हणून मी एक साधी चाचणी करतो. शेजारच्या सोसायट्यांच्या सचिवांना विनंती करून एक रात्र सगळे पंप बंद ठेवतो, पहाटे सगळ्या बोअरची पातळी घेतो. मग एक एक पंप चालू करायचा, दर दहा मिनिटांनी आपल्या बोअरमध्ये मोजायचं. साठ मीटर लांबचा पंप चालू केल्यावर वीस मिनिटांत आपल्या एका बोअरची पातळी खाली येते आणि शेजारच्या दुसऱ्या बोअरची हलत नाही, असं दिसलं की ती फट कुणाची कुणाला जोडलेली आहे ते कळलं. यासाठी लागतं एक मोजपट्टी, एक घड्याळ आणि सोसायटीचा विश्वास. तिसरी गोष्ट मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. “आमच्या फ्लॅटचे भाव पडतील” ही भीती खरी असते, तिला हसू नका.

जवळपास उघडी विहीर असेल तर ती आधी बघा. पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काठीने मोडून पाहा. मोडून तुकडे झाले आणि तसेच राहिले तर तो लोहजिवाणूंचा, परत जुळून आला तर तेलाचा. विहीर फुकटचा निरीक्षण बोअर आहे.

नमुना बाटलीत शिरेपर्यंत

बोअरमधलं साचलेलं पाणी आधी काढायचं. मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या सावकाश पंपाने काढा आणि सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन स्थिर झाले की नमुना घ्या. तो पंप नसेल तर बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसा. ते पाणी गटारात ओतायचं नाही, पिंपात भरून ठेवायचं.

पेट्रोलचे उडणारे घटक पाहायला ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, टेफ्लॉनचं बूच, आत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल. काठोकाठ भरा, बूच लावून उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या. बर्फात ठेवा, १४ दिवसांच्या आत तपासणी व्हायला हवी. डिझेलसाठी एक लिटरची गडद काचेची बाटली, सात दिवसांत. प्लास्टिकची पाण्याची बाटली कुठल्याच कामाची नाही. मातीतले उडणारे घटक मोजायचे तर प्रयोगशाळेकडून मिथेनॉल घातलेल्या कुप्या मागवा आणि माती जागेवरच त्यात टाका.

दर दहा नमुन्यांना एक जोडनमुना, म्हणजे त्याच जागचा दुसरा नमुना, आणि पेटीत एक कुपी प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याने भरून आलेली, जी न उघडता परत जाते. एकदा या न उघडलेल्या कुपीतच टोल्युइन निघालं. शोधल्यावर कळलं, आमच्या पोऱ्याने पेटी स्कूटरच्या पायाजवळ ठेवून वाटेत पेट्रोल भरलं होतं. ती फेरी पुन्हा करावी लागली. जनरेटरला डिझेल घालणारे हात आणि नमुना घेणारे हात वेगळे असू द्या.

प्रयोगशाळेला काय विचारायचं

पुष्कळ ठिकाणी “तेल आणि ग्रीस” एवढीच चाचणी सुचवतात. नाही म्हणा. त्या चाचणीत द्रावक उडवून उरलेला गाळ वजन करतात, आणि द्रावकाबरोबर पेट्रोलही उडून जातं. मागायचं ते असं: बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन ही चौकडी, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळतात ते एक रसायन), नॅफ्थलीनसह बहुचक्री संयुगं, आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन पेट्रोलच्या आणि डिझेलच्या पट्ट्यात वेगळे. शिसं फक्त जुन्या टाकीसाठी. देशभर शिसंवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, त्यानंतर बसवलेल्या टाकीखाली शिसं सापडलं तर ते रस्त्यावरच्या जुन्या धुराचंही असू शकतं. एमटीबीई पाण्याबरोबर झपाट्याने पुढे जातं, त्यामुळे भूजलात पसरलेल्या प्रदूषणाचं टोक तेच दाखवतं. इथेनॉलही विचारा, अलीकडच्या पेट्रोलचं. जिवाणू आधी इथेनॉल खातात, ऑक्सिजन संपवतात, आणि बेंझिन मागे राहून लांब जातं.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) ची मान्यता आहे का, एवढं विचारून भागत नाही. मान्यतेच्या यादीत हेच घटक, मातीसाठी आणि पाण्यासाठी वेगवेगळे, आहेत का ते वाचा. आणि अहवालात “बीडीएल”, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याहून कमी, लिहिलेलं आलं तर ती मर्यादा किती ते लिहून घ्या. यंत्राची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आणि आपण तुलना करतोय १० शी, तर बीडीएलला अर्थ उरत नाही.

आकडे आले, पुढे

पिण्याच्या पाण्यात बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, टोल्युइनची ७००, इथाइलबेंझिनची ३००, झायलिनची ५००. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. मातीसाठी डच हस्तक्षेप मूल्यं (ज्यावर गेलं की माती गंभीर दूषित धरतात) तुलनेला घेतली जातात: बेंझिन किलोला १.१ मिलिग्रॅम, खनिज तेल ५००० मिलिग्रॅम. ती सेंद्रिय अंश बऱ्यापैकी असलेल्या डच मातीसाठी ठरवलेली आहेत, आपल्या मुरुमाला जशीच्या तशी लावताना सांभाळून.

हा हिशेब करून पाहा. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्क्याच्या वर चालत नाही. जुन्यात याहून जास्त असे. एक टक्का धरला तरी एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, म्हणजे ८.८ ग्रॅम. ते सगळं विरघळलं तर १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेने ८ लाख ८० हजार लिटर पाणी बिघडतं. दहा हजार लिटरचे ८८ टँकर. एका लिटरने.

नायट्रेट, सल्फेट, लोह, ऑक्सिजन यांवरून जिवाणू तेल खाताहेत का हे ताडता येतं, असं पुस्तकं सांगतात. शहरात फार भरवसा ठेवू नका. गळक्या ड्रेनेजमुळे ऑक्सिजन आधीच गेलेला असतो आणि नायट्रेट वाढलेलं असतं. जागेच्या वरच्या अंगाला एक स्वच्छ बोअर तुलनेला असेल तरच हे आकडे बोलतात.

वाफेचं विसरू नका. शेजारच्या इमारतींचं तळघर, लिफ्टचा खड्डा, ड्रेनेजचे चेंबर, सगळीकडे वाफमापक फिरवा, शक्यतो सकाळी, दारं-खिडक्या उघडायच्या आधी. आणि जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी. तिच्याकडे येणारी प्लास्टिकची नळी खराब मातीतून जात असेल तर हायड्रोकार्बन नळीच्या भिंतीतून झिरपतात. पाणी दिवसातून दोन तास येतं, उरलेले बावीस तास नळीत तेच पाणी मुरत पडतं. अशा घरात सकाळी नळाचं पहिलं पाणी तपासा.

वास मारणारं पिण्याचं पाणी किंवा तळघरातली वाफ सापडली तर अहवालाची वाट पाहू नका. त्याच दिवशी वापर थांबवा, अग्निशमन दल, पालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या. दूषित स्थळांसाठी केंद्राचे वेगळे नियम २०२५ मध्ये आले आहेत. संशयित जागेची नोंद, प्राथमिक तपासणी, मग सविस्तर तपासणी असा क्रम त्यात आहे. तुमचा अहवाल त्या क्रमाने लिहिलेला असेल तर पुढे कुणाला नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

अहवालात एक उभा छेद काढा: माती, मुरूम, कातळ, फटींच्या खोल्या, मे आणि ऑक्टोबरची पातळी, शेजारच्या बोअरची खोली आणि केसिंग कुठपर्यंत आहे ते. रंगीत नकाशांपेक्षा हाच कागद सोसायटीच्या बैठकीत लोकांना समजतो. मी तर तो सभागृहाच्या भिंतीवर चिकटवून बोटाने दाखवत बोलतो.

काम संपल्यावर जे बोअर नको असतील ते तळापासून वरपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटने भरून टाका, नळी खालपर्यंत सोडून, वरून ओतून नाही. जे ठेवायचे त्यांच्या झाकणावर क्रमांक कोरा आणि ते बिल्डरच्या नकाशात दाखवून घ्या, नाहीतर पेव्हर ब्लॉकखाली जातात. पुढचा मे आला की पुन्हा मोजायला तेच लागणार आहेत.